केताची पाचवी

गालापागोसला जाणारे लोक आधी आमच्या क्विटोत दोन दिवस काढतात. विमान इथून सुटतं म्हणून काढावे लागतात. हौसेने कोणी काढत नाही. त्या दोन दिवसांत ते सोन्याने मढवलेलं चर्च बघतात, विषुववृत्ताच्या रेषेवर एक पाय इकडे आणि एक तिकडे टाकून फोटो काढतात, आमच्या चढणींवर धापा टाकतात आणि तिसऱ्या दिवशी कासवं बघायला उडून जातात. आमचं शहर म्हणजे त्यांच्या लेखी कासवांच्या घराची ओसरी. जरा टेकायचं, घाम पुसायचा आणि आत जायचं. मला त्याचा राग नाही. चाळीस वर्षं मी याच लोकांना फेल्टच्या टोप्या विकल्या. ज्याला आपण मनसोक्त टोप्या घातल्या त्याच्यावर रागावणं बरं दिसत नाही.

पण परदेशी पाहुणा परवडला. तो चादर मळवून जातो, घर हलवून जात नाही. माझी मेहुणी केता गेल्या वर्षी याच ओसरीवरून बेटावर गेली, आणि माझ्या गच्चीला अजून सतापाचा वास येतो.

केता म्हणजे एन्रिकेता, माझ्या बायकोची, ओर्तेन्सियाची, धाकटी बहीण. वय त्रेसष्ट, उंची पाच फुटाला दोन बोटं कमी, आवाज मात्र सात फुटी. राहते पातातेला, इथून बसने चार तासांवर, ऊबदार खोऱ्यात. तिथे संत्री-मोसंबी पिकतात, आवोकाडो पिकतात आणि दुसऱ्याच्या घरातल्या बातम्या बारमाही पिकतात. नवरा लवकर गेला. केताच्या बोलण्यातून सुटायचा त्या बिचाऱ्याला तेवढाच रस्ता सापडला असं मी म्हणतो, अर्थात ओर्तेन्सिया घरात नसेल तेव्हा. मागे राहिली एक मुलगी, एक बाग आणि एक भट्टी. त्या भट्टीत केता भोपळ्याच्या अरेपा भाजते. पानात गुंडाळलेल्या, गोड, हाताला चटका देणाऱ्या. रविवारी चर्च सुटलं की अर्धं गाव तिच्या दारात उभं असतं आणि कोण कोणाशेजारी उभं आहे हे केता भट्टीआडून टिपत असते.

पण गावात तिचा दरारा आहे तो अरेपांमुळे नाही, पाचवीमुळे. आमच्या डोंगरातल्या बायकांना बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी पाल्याच्या कढत पाण्याने न्हाऊ घालतात. सताप, निलगिरी, रोझमेरी, कापुलीचा पाला, लाल कार्नेशन, गुलाबाच्या पाकळ्या. वर चादरीचा तंबू. ते झालं नाही तर हाडांत गारवा शिरतो आणि बाई जन्मभर कण्हते, असं केता सांगते. पातातेच्या दोन पिढ्या तिने अशा न्हाऊ घातल्या. दवाखान्यातली नवी डॉक्टरीण म्हणाली होती, "याला शास्त्रात काही आधार नाही." पुढच्या वर्षी तिला मूल झालं. पाचव्या दिवशी ती केताच्या चादरीखाली होती. शास्त्र बाहेर बाकावर बसून राहिलं.

गावभरच्या लेकींना न्हाऊ घालणाऱ्या या बाईचं स्वतःच्या लेकीशी चार वर्षं वाकडं होतं. जानेथ नोकरीसाठी बेटावर गेली आणि तिथे तिने बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या जेफरसनशी लग्न ठरवलं. जेफरसन किनाऱ्याकडचा. केताच्या भूगोलात किनाऱ्याकडचा माणूस म्हणजे मोठ्याने गाणी लावणारा, केळी खाणारा आणि बायको टाकणारा. ती लग्नाला गेली नाही. वर फोनवर म्हणाली, "त्याला घेऊन माझ्या दारात येऊ नकोस." जानेथ आईचीच मुलगी, ती आली नाही. मग नाताळला फोन आणि वाढदिवसाला फोन. "तब्येत बरी आहे ना?" "बरी आहे." "पाऊस आहे?" "नाही." बँकेतला कारकूनही याहून जिव्हाळ्याने बोलतो.

आणि मग एक दिवस त्या पोरीचा अवेळी फोन आला. दिवस भरत आले होते. म्हणाली, "आई, माझ्या पाचवीला तू येशील?"

केताने हे मला सांगितलं तेव्हा वर म्हणाली, "मी काय, हो म्हटलं. अडलं होतं तिचं." अडलं कोणाचं होतं ते तिने त्याच तासाला तिकिटाचे पैसे भरले त्यावरून कळत होतं. शनिवारचं विमान, गुरुवारी क्विटोत मुक्काम, एक दिवस विश्रांती, एक दिवस शहर बघायचं, असा बेत. बाळाला कोणी विचारलं नव्हतं. ते दहा दिवस आधी, बुधवारीच आलं. मुलगी. बुधवारी पहिला दिवस, म्हणजे रविवारी पाचवा. शनिवारी दुपारी केता बेटावर, रविवारी आंघोळ. हिशेब केसभर चुकला असता तरी संपलं होतं.

गुरुवारी मी तिला बसच्या अड्ड्यावर आणायला गेलो. केता उतरली. तिच्यामागून दोन गोणी, एक टोपली आणि एक खोकं उतरलं. खोक्यात खुडखुड होत होती.

"केता, यात काय आहे?"

"दोन कुई. जानेथला रस्सा करून घालायला."

"जिवंत?" कुई म्हणजे आमच्याकडे खायला पाळतात ते गिनीपिग.

"मग काय मेलेली नेऊ, दाजी? वास नाही का मारणार?"

तिने आमच्या घराकडची सान हुआनची चढण चढताना क्विटोवर मत दिलं ते असं: थंडी उगाच आहे, आवोकाडो लिंबाएवढे आहेत आणि टेकडीवरचा पंखवाल्या मातेचा पुतळा पातातेकडे पाठ करून उभा आहे. मी म्हटलं, "तुझी गाठ नको म्हणून." दारात वाट बघत असलेल्या ओर्तेन्सियाने माझ्याकडे असं पाहिलं की मी गोणी उचलून गप्प वर गेलो.

आता आमच्या शेजाऱ्याची ओळख करून द्यायला हवी, कारण तो ओळख नसतानाही येतो. वॉशिंग्टन पास्मिन्यो. सत्तावीस वर्षांपूर्वी हा गृहस्थ चार दिवस गालापागोसला जाऊन आला आणि तेव्हापासून परत आलेला नाही. कशावरही बोला, गाडी बेटावर नेतो. केता आल्याचं कळताच तो कॉफी प्यायला हजर झाला. गोण्यांकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे रेलला. दुसऱ्याची वाईट बातमी सांगायची असली की तो असाच रेलतो.

"वहिनी, यातलं काहीच जाणार नाही."

"काहीच म्हणजे?"

"फळ नाही. बी नाही. जनावर तर नाहीच. बुटाला माती असेल तर ती पुसून घेतात. बेटावर बाहेरचं काही उगवू नये, म्हणून."

"पाला?"

"पाला तर मुळीच नाही."

"वाळलेला?"

"वाळलेल्यात बी असतं, वहिनी. मी स्वतः तिथे..."

"तुम्ही स्वतः तिथे चार दिवस होतात, माहीत आहे," केता म्हणाली. "माझी पोरगी तिथे सात वर्षं आहे."

पण तिने पोरीला फोन करून विचारलं नाही. विचारलं असतं तर पोरगी म्हणाली असती, असू दे आई, नुसती ये. आणि नुसतं जायला केता तयार नव्हती. तिने विमान कंपनीच्या कचेरीत फोन लावला. तिथल्या बाईने वॉशिंग्टनचंच सगळं गोड आवाजात पुन्हा सांगितलं. वॉशिंग्टन आयुष्यात पहिल्यांदा बरोबर ठरला होता. त्याला ते सोसेना. तो दुसरी कॉफी मागायला लागला.

शुक्रवारी सकाळी शहर बघायचं होतं. केताने शहर बघितलं ते असं: सोन्याच्या चर्चमध्ये गेली, गुडघे टेकले, डोळे मिटले, उठली आणि म्हणाली, "आता बाजार." सान फ्रान्सिस्कोच्या बाजारात पाला विकणाऱ्या बायकांची रांग आहे. तिथल्या एका जाड्या बाईसमोर केता उभी राहिली, आणि दोन उस्ताद समोरासमोर आले की जे होतं ते झालं.

"ये गं माझ्या राणी, काय हवं? नजर लागली? धंदा बसला? नवरा पळाला?"

"नवरा वर गेला. पाचवीचा पाला दे."

"कोणाची पाचवी?"

"लेकीची. बेटावर."

जाड्या बाईचे हात थांबले. "गालापागोस? अगं, तिथे नाही जाऊ देत. गेल्या महिन्यात माझ्या एका गिऱ्हाइकाचं सगळं काढून घेतलं. तिथेच रडत बसली बिचारी."

"तुला विकायचा आहे का नाही?"

"विकते की. पण ऐक माझं. घागऱ्याच्या अस्तरात शीव. बायकांच्या घागऱ्यात कोण हात घालतंय?"

केताने दोन मोठ्या जुड्या घेतल्या, वर मूठभर गुलाब फुकट काढून घेतले, आणि "तुझा सताप शिळा आहे" असं सांगून निघाली. जाडी बाई मागून ओरडली, "शिळा तुझा जावई!" केता जाताना हसली. जावयाला नावं ठेवणारी बाई तिला पहिल्या भेटीतच आवडली.

घरी येऊन तिने तासभर अस्तर शिवलं. मग तो घागरा नेसून दिवाणखान्यात आली. चालताना ती चुरचुरत होती.

"दिसतंय का काही?"

"दिसत नाही," मी म्हटलं. "पण केता, तू जिन्यात होतीस तेव्हापासून मला माझी आजी आठवते आहे."

ओर्तेन्सियाने वॉशिंग्टनला बोलावलं. म्हटलं, तुम्ही अधिकारी व्हा आणि हिला तपासा. या भूमिकेची तो सत्तावीस वर्षं वाट बघत होता. चष्मा पुसला, माझी एक टोपी डोक्यावर चढवली, जेवायच्या टेबलामागे उभा राहिला. "पुढच्या बाई, या." केता पुढे गेली. तो वाकलाही नाही. लांबूनच नाकावर रुमाल धरून म्हणाला, "वहिनी, यासाठी अधिकारी कशाला, कुत्रंही नको. सर्दी झालेला माणूस पुरे."

मी हसलो. वॉशिंग्टन हसला. केता खुर्चीत बसली, चुरचुरली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ही बाई मी तिच्या नवऱ्याच्या मयतीतही रडताना पाहिली नव्हती. तिथे ती व्यवस्था बघत होती.

"ताई," ती ओर्तेन्सियाला म्हणाली, "हात हलवत गेले तर मी कोण म्हणून उभी राहू तिथे? कासवं बघायला आलेली पाहुणी? ये म्हणाली ती पाचवीला. आई म्हणून ये नाही म्हणाली. पाचवीला ये म्हणाली."

शांतता मला सहन होत नाही, हा माझा जुना रोग. अशा वेळी तोंडातून काहीतरी सुटतंच. मी म्हटलं, "मग आंघोळच इथे उरकून घे आणि अंगावर वाळवून ने. माणसाला काही जप्त करत नाहीत."

ओर्तेन्सियाने टेबलावरचं फडकं मला फेकून मारलं. ते माझ्या गालाला लागून खाली पडलं. केता त्या फडक्याकडे बघत राहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "पाचवीची चादर तिसऱ्या धुण्यापर्यंत हिरवी असते. वास तर वर्षभर जात नाही."

"हो. मग?"

"मग तुझ्याकडे जाड सुती चादरी किती आहेत?"

तीन होत्या. त्यातली एक आमच्या लग्नातली, माझ्या आईने विणकराकडून करवून घेतलेली. ती मी देणार नव्हतो. मला कोणी विचारलं नाही.

अकरा वाजता गच्चीवर मोठं पातेलं चढलं. घागऱ्याचं अस्तर उसवून पाला निघाला, जुड्या पडल्या, गुलाब पडले. पाणी आधी हिरवं झालं, मग तपकिरी, मग काळ्या कॉफीसारखं. केताने ते पाच वेळा गाळलं. त्यात चादरी बुडवायच्या, पिळायच्या, दोरीवर टाकायच्या, सुकल्या की पुन्हा बुडवायच्या. क्विटोतलं ऊन दुपारपर्यंतचंच; तीनला पाऊस येतो, ठरल्यासारखा. दोन्ही बहिणी वर आभाळाला आणि खाली मला शिव्या देत होत्या, कारण मी इस्त्री करायला बसलो होतो आणि सावकाश करत होतो. ओली चादर इस्त्रीखाली फुत्कारायची आणि वाफ थेट माझ्या नाकात. माझ्या हाडांत यापुढे कधी गारवा शिरणार नाही.

गल्लीत तेवढ्यात बातमी पसरली. समोरच्या बाईने खिडकीतून विचारलं, "कोणाला नजर लागली हो?" मी म्हटलं, "मला. मेहुणीची." संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तीन गल्ल्यांत गेली होती, आणि परत आमच्याकडे आली तेव्हा त्यात मी अंथरुणाला खिळलो होतो.

चार वेळा बुडवलेल्या, चार वेळा सुकवलेल्या तीन चादरी. पत्र्यासारख्या ताठ, रंग चहाचा. केताने त्या घड्या घालून पिशवीत ठेवल्या आणि बाकी सगळं, म्हणजे संत्री, आवोकाडो, कुई, आमच्या स्वाधीन केलं. "कुई मारू नका, दाजी. माझी परत यायची वाट बघतील त्या." आजही त्या आमच्याकडेच आहेत. एकीला आठ पिल्लं झाली.

शनिवारी सकाळी विमानतळावर मी तिच्याबरोबर रांगेत. बेटाच्या सामानाची तपासणी वेगळ्या टेबलावर होते. टेबलामागे पंचविशीची एक पोरगी, हातमोजे घातलेली, चेहऱ्यावर इस्त्री माझ्यापेक्षा चांगली. आमच्यापुढे दोन परदेशी होते. त्यांच्या सफरचंदावरून तिने त्यांना असं काही सुनावलं की ते माफी मागत पुढे गेले.

तिने केताची हातपिशवी उघडली आणि पहिल्या झटक्याला एक आवोकाडो बाहेर काढला.

"केता!" मी म्हटलं.

"रस्त्यात भूक लागली तर म्हणून ठेवला होता," केता म्हणाली. "विसरले."

"टाकावा लागेल, मावशी."

"टाकायचा? झाड तुझ्या बापाने लावलं होतं का?" आणि तिथेच, मागे पन्नास माणसं उभी असताना, केताने आवोकाडो दोन हातांनी फोडला, पदरच्या पुडीतलं मीठ लावलं आणि उभ्यानेच खाल्ला. अर्धा त्या पोरीपुढे धरला. पोरीने मान हलवली. मला वाटतं तिला हवा होता. कोय मात्र केताने तिच्या हातात दिली. "घे, सरकारजमा कर."

मग चादरी निघाल्या. पोरीने घडी उलगडली आणि तिचं नाक हललं.

"हे काय आहे?"

"चादरी."

"वास कसला?"

केताने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहत होतो.

"पाचवीचा," ती म्हणाली. खोटं बोलायची तिची तयारी होती, रात्री तिने तीन थापा पाठ केल्या होत्या. पण निघालं ते हेच. "लेकीला न्हाऊ घालायचं आहे उद्या. पाला नेऊ देत नाही म्हणून पाण्यात बुडवून आणल्या. पान नाही, बी नाही. नुसतं पाणी होतं, तेही वाळलं."

तिन्ही चादरी पोरीने टेबलावर पसरल्या, झटकल्या, उजेडात धरल्या, शिवणीवरून बोट फिरवलं. मागून कोणीतरी चुळबुळलं. दुसऱ्या चादरीच्या काठात तिला रोझमेरीची एक काडी सापडली, नखाएवढी. ती चिमट्याने काढली. तिसऱ्या चादरीत गुलाबाचा एक कण. तोही काढला. केताच्या हातातली जपमाळ थांबली होती. मी तिला खांद्यावर थोपटायला गेलो तर तिने माझा हात झटकला.

पोरीने पुन्हा पहिली चादर उचलली. या वेळी तपासायला नाही. नुसती नाकाजवळ नेली.

"माझ्या बहिणीला आजीने पाचवीची आंघोळ घातली होती," ती म्हणाली. "तिकडे डोंगरात, गुआरांदाला." आणि लगेच चेहऱ्याला पुन्हा इस्त्री करून, "कापड आहे. कापडाला मनाई नाही. बूट दाखवा."

बुटाला पातातेची माती होती. ती दहा मिनिटं पुसून घेतली गेली. केता ओल्या बुटांनी, सील लावलेली पिशवी घेऊन आत गेली. मागे वळून हात केला नाही. ती घाईत होती.

मी घरी आलो. वॉशिंग्टन जिन्यातच उभा होता. "नाही ना सोडलं?" त्याने आशेने विचारलं. मी म्हटलं, "सोडलं." त्याचा दुसऱ्या दिवशीचा रविवार नासला.

आमचाही नासला, कारण फोन येईना. सकाळी नाही, जेवताना नाही. ओर्तेन्सिया तिसऱ्यांदा स्वयंपाकघर पुसत होती. मी म्हटलं, जावयाने समुद्रात ढकलून दिली असेल. फडकं पुन्हा उडालं. चारच्या सुमाराला फोन वाजला, आणि तो मीच उचलला.

"दाजी, झाली," केता म्हणाली. मागे कोणीतरी मोठ्याने गाणी लावली होती आणि एक बाळ त्यावर ओरडत होतं. "अर्क उतरला पाण्यात! चादर टाकली आणि कॉफीसारखं झालं. वास तर असा, की शेजारच्या सगळ्या डोंगराकडच्या बायका दारात. एकजण तर वाटी घेऊन आली."

"आणि जानेथ?"

"गप्प होती. न्हाताना गप्प, पुसताना गप्प. मी काय म्हणू? मीही गप्प." केता गप्प होती, हे ऐकून मी खुर्चीत नीट बसलो. "मग तिला निजवली. तीन पांघरुणं घातली, दार लावलं, खिडक्या लावल्या. वारा लागू नये म्हणून. बाळंतीण आहे ती."

"केता, तिथे उकाडा आहे ना?"

"आहे ना. भट्टीच." तिचा आवाज जरा हलला. "आणि दाजी, पाच मिनिटं झाली नाहीत तर ती खेकसली माझ्यावर. अशी खेकसली! म्हणाली, आई, मी उकडून मरतेय, तुझं डोकं फिरलंय का, ती खिडकी उघड आधी! नवऱ्यासमोर, हो! चार वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता तिने माझ्यापुढे. नुसतं कशी आहेस, बरी आहे. आणि आज अशी खेकसली, जशी दहावीत असताना खेकसायची."

ती रडत होती की हसत होती ते त्या गाण्यांमुळे कळेना. ओर्तेन्सियाने माझ्या हातातून फोन ओढायला सुरुवात केली होती.

"मग उघडलीस का खिडकी?" मी घाईघाईने विचारलं.

"डोकं फिरलंय का तुमचं?" केता म्हणाली. "पाचवी आहे आज."